देवीने चाखलेला चिकू

उजाडायच्या आतच दहिवलीच्या वडाखाली ही झुंबड! चिमटेबाबा सांगत, रोज पहाटे देवी वडावर उतरते, चिकू चाखते आणि भक्तांसाठी खाली टाकते. प्रत्येक चिकूवर बारीक दातांच्या खुणा. आणखी काय पुरावा हवा?

"वर बघू नका! जेवत्या देवीला नजर लागते!" बाबा गरजले. "हा चिकू खा, पोटुशीची सुखरूप सुटका, बेकाराला नोकरी!" लोखंडी चिमट्याने ते एकेक चिकू पदरात टाकत होते. हात कशालाच लावत नव्हते. लोक म्हणत, सोवळं कडक हो बाबांचं.

माझ्या शेजारच्या सुंदराबाई सातव्या महिन्यातल्या सुनेला, भाग्यश्रीला, घेऊन आल्या होत्या. चिकू तिच्या तोंडाशी गेलेला पाहून माझा जीव उडाला. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला राहवेना.

"थांब गं!" म्हणत मी टॉर्च वर मारला.

फांद्यांना वटवाघळं उलटी लटकली होती. त्यातलं एक समोरच्या फार्महाऊसच्या बागेतून आणलेला चिकू मजेत खात होतं. रस चोखून त्याने चोथा थुंकला, तो थेट बाबांच्या खांद्यावर.

"सॅनिटायझर आण रं!" बाबा चेल्यावर किंचाळले. चिमटा खाली पडला.

"प्रसाद आहे, बाबा. चाखा ना," मी म्हटलं.

"आज आमचा उपास हाय."

लोक हसले. मग मी समजावलं, "वटवाघळांच्या अंगात काही विषाणू राहतात, त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही. लाळेतून, मुतातून ते फळावर उतरतात. उष्टं फळ डुकराने खाल्लं तर डुकरात, माणसाने खाल्लं तर माणसात शिरू शकतात, आणि तिथे जिवावर उठतात. निपा त्यातलाच. प्रत्येक चिकूत असेल असं नाही, पण बघून कळत नाही."

"दगड घ्या रं, पाडा समदी!" गर्दीतला मनोज ओरडला.

"एक खूळ गेलं, दुसरं नको! ती बिथरली की विषाणू जास्तच पसरायची भीती. त्यांना वर राहू दे. आपण उष्टं फळ टाकावं, हात धुवावेत. आणि प्रसाद देणारा स्वतः तो का खात नाही, एवढं तरी विचारावं."

सुंदराबाईंनी सुनेच्या हातातला चिकू झटकून खाली पाडला. "आगं बाय! तांब्याला ओठ लावला म्हून काल हिला बोल बोल बोलले, नि आज वटवाघळाचं उष्टं चारत व्हते!"

भाग्यश्रीने बाबांचाच चिमटा उचलून तो चिकू बाजूच्या खड्ड्यात टाकला. सुंदराबाईंनी तिचे हात साबणाने धुतले, मग तांब्या पुढे केला.

"पी गं पोरी. ओठ लावून पी."