श्रीपतीचा आवाज

श्रीपती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला हाक मारली, आणि माझ्या तोंडून श्रीपतीचा आवाज आला. खरखरीत, वाक्याचा शेवट वर ओढणारा. साठ वर्षं ऐकलेला, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पदर सावरला. "बसा ना भावजी," ती म्हणाली. मग मला बघून म्हणाली, "अहो, तुम्ही घरात बोलत जाऊ नका. मला संकोच वाटतो."

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली. "आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "तुमचा नाही, एवढंच."

श्रीपती आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. तो गेला तो स्टँडवर, एप्रिलच्या भर दुपारी. "अकराला स्टँडवर थांब, मी गाडी घेऊन येतो, माझ्या घरी बसू," असं मीच त्याला सांगितलं होतं. पण त्या दिवशी मुलीच्या सासरची माणसं अचानक घरी आली. श्रीपती मोठ्यानं बोलायचा, जेवून मोठी ढेकर द्यायचा आणि मी शाळेत चड्डी ओली केल्याची गोष्ट कुणालाही सांगायचा. वाजणारा फोन मी उशीखाली ठेवला. दोन वाजता तो कोसळला. तिथला फळवाला मला नंतर म्हणाला, "मी त्यांना सावलीत या म्हटलं. तर म्हणाले, सावलीत गेलो तर दगडूला दिसायचो नाही."

दगडू म्हणजे मी. त्याला तिथं मीच थांबायला सांगितलं होतं, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी श्रीपतीच्या बायकोचा, प्रभावहिनींचा, निरोप आला. आवाजाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी गेलो. नातेवाईक भिंतींना टेकून बसले होते. त्यांनी मला खिडकीपाशी, श्रीपती बसायचा तिथं बसवलं.

"काहीतरी बोला," वहिनी म्हणाल्या.

मला कशा आहात म्हणून विचारायचं होतं. "चहा टाक," मी म्हणालो.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी बिनसाखरेचा चहा आणला. मी गोड पितो. तरी तो चहा मी संपवला.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी उन्हात कुणाची वाट बघत होतात?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. 'माझी' एवढाच शब्द म्हणायचा, असं मी ठरवलं आणि तोंड उघडलं.

"कुणाची नाही गं. सहज उभा होतो."

सातवीत वर्गाची काच मी फोडली होती, तेव्हा "मी फोडली" असं तो याच आवाजात म्हणाला होता आणि छड्या खाल्ल्या होत्या. मी पुन्हा तोंड उघडलं.

"दगडूचा काही संबंध नाही. उगाच त्याला बोल लावू नका."

"मित्र असावा तर असा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. माझे कान तापले. मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो.

शेवटी खिशातलं पेन काढून मी शेजारच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: मी आलो नाही. अक्षर डावीकडे झुकलेलं, श्रीपतीचं होतं.

वहिनींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हो," त्या म्हणाल्या. "नाही आलात. तीनपर्यंत जेवायची थांबले होते मी."

नातेवाईक एकेक करून उठले. चपला घालून निघून गेले. शेवटच्यानं जाताना दार ओढून घेतलं. वहिनींनी आतून कडी लावली. पाट मांडला. ताटात भाकरी आणि मेथीची भाजी वाढली, भाजीवर तेलाची धार सोडली.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "अहो," माझ्या बायकोचा आवाज आला. "अहो, घरी चला ना."

"कोण आहे?" वहिनींनी मला विचारलं.

"दगडूची बायको," मी म्हणालो. "त्याला शोधत आली असेल." आणि हात धुवायला उठलो.