फिकं भरीत

पहिलाच घास तोंडात गेला आणि तोतारामने तो तसाच ताटात परत काढला. मग उठून मोरीपाशी गेला आणि चूळ भरत राहिला. तानुबाई चुलीपुढे पिठाचे हात घेऊन बघत बसली.

“मिरची टाकी तू,” तो म्हणाला.

“नही टाकी. तुमनी शप्पथ.”

“मंग तोंडमा आग कसाले पडनी?”

तानुबाईने त्याच्या ताटातलं भरीत बोटावर घेऊन चाखलं. भाजलेलं वांगं, घट्ट दही, भाजलेला लसूण, शेंगदाण्याचं तेल. तिला तर ते तान्ह्या बाळाला भरवावं इतकं फिकं लागलं. नवरा आता खाणं टाळायला निमित्त शोधतोय, असं तिला वाटलं.

खरं तर अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात भरीत म्हटलं की तोतारामचंच नाव निघायचं. जन्मभर तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत राहिला. तिथे त्याला कुणी नावाने हाक मारली असेल तर देव जाणे. पण थंडी पडली, शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू झाल्या की त्याचा भाव वधारायचा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे त्या खोलगट लाकडी परातीत, हिरव्या मिरच्यांसकट ठेचायची. बडगी त्याच्या बापाची. ती दुसऱ्याच्या हातात दिलेली त्याला खपत नसे; बायकोलासुद्धा ती नुसती धुवायची परवानगी होती.

तंबाखूची पुडी मात्र कमरेला कायमची. त्या पुडीने अखेर गाल खाल्ला. धुळ्याला कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. शेक संपून बरेच महिने झाले तरी तोंड आतून सोलून निघाल्यासारखंच राहिलं. त्यात साखर आधीपासूनची. वजन उतरत चाललं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. दवाखान्याच्या पायरीवर तोताराम बायकोला म्हणाला, नळीने जगायचं असेल तर मला घरी नेऊ नको. तो बोलला म्हणजे ते खरं करणार, हे ती लग्नापासून ओळखून होती.

आहार सांगणाऱ्या सोनल मॅडमनी तिला समोर बसवून समजावलं होतं. ग्रीस देशातले लोक भाजलेलं वांगं, दही-काकडी, घोटलेली डाळ असं मऊ काहीबाही करतात आणि पाव त्यात बुडवून खातात. तेच घरी करा, मिरची आणि लिंबू मात्र नको. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. तानुबाईला त्यात नवल वाटलं नाही. वांग्याचं ते भरीतच होतं, बिचाऱ्यांकडे मिरची नसावी, एवढंच तिने मनात म्हटलं.

“आणि पावाच्या रंगावर जाऊ नका,” मॅडम म्हणाल्या होत्या. “पाकिटावर पहिलं नाव कोणत्या पिठाचं आहे, ते वाचून घ्या.”

अमळनेरच्या बाजारात तिने तांबूस रंगाचा पाव घेतला आणि दुकानदाराला पाकीट वाचायला लावलं. पहिलंच नाव मैद्याचं निघालं. तिने तो तिथेच परत केला. तीन दुकानं फिरून निव्वळ गव्हाच्या पिठाचा मिळाला, तर तोताराम म्हणाला, पाव म्हणजे दवाखान्याचं जेवण, माझ्यापुढे ठेवू नको. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची खरपूस भाकरी त्याला हवी होती, पण तिच्या कडा तोंडाला कापायच्या. शेवटी तिने ज्वारीची भाकरी पातळ थापून टम्म फुगवायला सुरुवात केली. कडा स्वतःला ठेवायच्या आणि वरचा मऊ पापुद्रा काढून त्याला द्यायचा. दही-काकडीबरोबर तो थोडं खाऊ लागला, घोटलेली डाळही गेली. भरताला मात्र तो हात लावीना. म्हणून आज तिने बडगी काढली. त्याच्या बडगीत ठेचलं तर त्याला आपलं वाटेल, चार घास जास्त जातील, असा तिचा हिशेब होता. तो असा उलटला.

आता तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिचा धीर सुटला.

“तुमले जगनं नही शे का?” ती म्हणाली. “तसं सांगी द्या. मी चूल पेटाडनं बंद करी देस.”

त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती बडगी घेऊन मोरीत बसली. कढत पाणी ओतून लाकूड घासू लागली आणि तिथे तिला रडू कोसळलं. तिने ओल्याच हाताने डोळे पुसले. पुढच्या क्षणी डोळ्यांत निखारा पडावा तशी आग झाली. ती पाणी मारत राहिली, डोळे उघडता येईनात. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिने बडगीचा तळ जिभेला लावला, तर काहीच कळलं नाही. ठेच्यावर वाढलेल्या तिच्या जिभेला कुठून कळणार? डोळ्यांना मात्र बरोबर कळलं होतं.

ती तशीच आत गेली. तिचे सुजलेले लाल डोळे पाहून तोताराम उठून बसला.

“मनंच चुकनं,” ती म्हणाली. “बठ्ठी मिरची लाकूडमा मुरेल शे. तुमनं तोंड खरं बोलनं.”

त्याने तिचे डोळे नीट पाहिले. पदर भिजवून तिच्या हातात दिला. मग मोरीतली बडगी आणून उन्हात नेऊन ठेवली आणि तिथेच बडगीशेजारी बसून राहिला. बापाच्या बडगीतलं आता आपल्याला चालणार नाही, याने त्याचं मन मोडलं होतं, पण राग तिच्यावर नव्हता, हे तिला कळलं.

आठवडाभरात शेजारच्या मळ्यातला वना आला. शेतात भरीत होतं, पाहुणे जळगावहून येणार होते. आजारी माणसाला कसं विचारावं म्हणून तो बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला.

“तुमनाबिगर भरीत कोन ठेची, आबा?” अखेर तो म्हणाला.

तानुबाई नको म्हणणार होती, तोवर तोतारामने बडगी उचलली होती.

शेतात त्याने वांगी भाजली, सोलली. ठेचायच्या आधी त्यातली दोन मऊ वांगी निवडून त्याने तानुबाईकडे दिली. तिने ती घरून आणलेल्या स्टीलच्या पातेल्यात घोटली, दही आणि तेल घातलं. इकडे तो बडगीत मिरच्यांचा घाणा ठेचत होता, धुराने आणि ठसक्याने खोकत होता. चाखता येत नव्हतं, म्हणून त्याने वनाला बोलावलं.

“मीठ कसं शे, चाखी सांग.”

मीठ बरोबर होतं. पंगत बसली. कळण्याच्या भाकरीबरोबर पाहुणे सू सू करत खात होते, नाक पुसून पुन्हा मागत होते. तोताराम बाभळीखाली बसला. तानुबाईने डबा उघडला, भाकरीचे पापुद्रे काढून दिले. त्याने पापुद्रा पांढरट भरतात बुडवला आणि पंगतीकडे बघत खाऊ लागला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मग त्याचे डोळे भरून आले.

वना वाढत वाढत तिथे पोहोचला होता. तो थांबला.

“आबा, तिखट लागनं का?”

तोतारामने उपरण्याने डोळे टिपले.

“हा,” तो म्हणाला. “जरासं लागनं.”

तानुबाईने मान वर केली नाही. पातेल्यातलं उरलेलं फिकं भरीत तिने त्याच्या डब्यात घातलं आणि त्याच्यासाठी पुढची भाकरी सोलायला घेतली.