उजव्या पायाची पिशवी

वनमालाकाकी गेल्याचं कळलं, तेव्हा मी काशीरामकाकांच्या पायाला बांधलेली होते. मित्रांनो, मी वाळूची एक जुनी पिशवी आहे. मला दोन कप्पे आहेत आणि दोन नाड्या. माझी जागा काकांच्या उजव्या घोट्यावर.

काकी दोन दिवसांसाठी मुलाकडे, सहदेवकडे, कांजूरमार्गला गेल्या होत्या. सकाळी खालचा वाणी दादू जिना चढून आमच्या दारात आला. फोन त्याच्याच दुकानात होता.

"काका, सहदेव बोलला. काकींच्या छातीत दुखलं. काकी गेल्या, काका."

काकांनी माझ्या नाड्या सोडल्या, मला खुर्चीवर ठेवलं आणि मालाडच्या त्या चाळीचे तीन जिने कठडा न धरता उतरले. दोन वर्षांत ते असे उतरले नव्हते. हे बघायला काकी हव्या होत्या.

माझा जन्म दोन वर्षांपूर्वीचा, गिरणी-संपाच्या साली. गिरणीत उभं राहून राहून काकांचे गुडघे गेले होते. सहदेव म्हणायचा, "बाबा, माझ्याकडे तळमजल्यावर या. हे जिने झेपायचे नाहीत." काकांना खोली सोडायची नव्हती. याच खोलीत काकी लग्न होऊन आल्या होत्या.

पालिकेच्या दवाखान्यात सुलक्षणाताई व्यायाम शिकवत. त्या म्हणाल्या, "मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. उकिडवं बसू नका. खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, दहा अंक होईतो धरा, हळू खाली आणा. सवय झाली की घोट्याला अर्धा किलो वजन बांधा. दुखलं की थांबा."

काकींनी वर्सोव्याहून वाळू आणली. धुऊन, गच्चीत वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळली. काकांच्या गिरणीतल्या खाकी पँटचा एक पाय कापून मला शिवलं. दादूच्या तराजूत मी बरोबर अर्धा किलो भरले.

मग सकाळ-संध्याकाळ काकी मोजायच्या. "लाभ, दोन, तीन..."

"एक कुठे गेला?" काका विचारायचे.

"आमच्याकडे भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. पाय सरळ करा आधी."

"सरळच आहे गं."

"सरळ म्हणे. कोयता बरा त्याच्यापेक्षा."

काकांकडून एकदा चूक झाली. गिरणीत पेट्या उचललेला माणूस, अर्ध्या किलोची त्याला लाज वाटली. काकी नळावर गेल्या असताना त्यांनी माझं तोंड उसवून उरलेली वाळू कोंबली आणि कसेबसे टाके घातले. मी दोन किलोंची झाले. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजून नीरफणसाएवढा झाला. सुलक्षणाताई म्हणाल्या, "काका, इथे गिरणीसारखी पाळी संपवायची घाई नाही." काकींनी माझी शिवण उसवली, जास्तीची वाळू काढली आणि दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. मला मात्र पुन्हा नीट शिवलं.

नंतर काका एका दमात दोन जिने चढू लागले. काकी शेजारच्या मालनला सांगायच्या, "माझ्या पिशवीची करामत." मित्रांनो, मला फार बरं वाटायचं. दोन्ही पायांना एकच पिशवी बांधायची म्हणजे सारखी सोडबांध. म्हणून कांजूरमार्गला जाण्याआधी काकी डाव्या पायाची पिशवी शिवायला बसल्या होत्या.

काकी गेल्यावर काकांनी मला हात लावला नाही. वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून कोणीतरी मला दाराशी टेकवलं. चार महिने मी दार अडवत बसले. काका खुर्चीत बसून राहायचे. पाय बारीक झाले. खाली गेले की प्रत्येक वळणावर बसत बसत चढायचे. त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हणून सहदेव त्यांची ट्रंक बघून गेला.

एका संध्याकाळी मालन डाळीची वाटी घेऊन आली आणि मला अडखळली.

"भावोजी, हिला दाराशी घातलीत? वयनीने पाहिलं असतं तर?"

"मोजायला कोण आहे आता?"

"तोंड नाही तुम्हाला?"

ती गेल्यावर काकांनी मला झटकलं आणि घोट्याला बांधलं. पाय उचलला. "एक," म्हणाले आणि पाय खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, आणि हळूच म्हणाले, "लाभ."

त्या दिवशी चारच वेळा झालं. आता दहा होतात. ट्रंक अजून पलंगाखालीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना नुसतं बसवून ठेवू नका. आणि वजनाची घाईही करू देऊ नका. शेजारी बसा आणि अंक मोजा. तेवढं पुरतं.

काका अजून मलाच एका पायावरून सोडून दुसऱ्याला बांधतात. डाव्या पायाची पिशवी फळीवर आहे, सुई तिच्यात तशीच टोचलेली. वाळू भरून झाली आहे. तोंड शिवायचं राहिलं आहे.