तुळई कुशीवर वळली

कर्र! भर दुपारी, सारे घर निजलेले असताना मी वाजले. मित्रांनो, मी नागपूरच्या एका बैठ्या घरातली सागवानी तुळई. माझे वय विचारू नका. जंगलात उभी होते ती वर्षे धरायची की नाही, हे मलाच कळत नाही.

घर बांधताना घरधनी रुपरावांनी माझ्या रुंद अंगावर वेल कोरून घेतली आणि ती खालून दिसावी म्हणून मला आडवी निजवली. पाहुणे मान वर करून वाहवा करायचे, मीही फुगायचे. माझ्यावर माळा, माळ्यावर वर्षाचा गहू आणि माझ्याच कडीला पाळणा. सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात निम्मी पोती वर चढली होती, निम्मी अंगणात होती.

आवाज ऐकताच सून प्रेमिला धावली. आधी तिने पाळण्यातले बाळ उचलले. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरा ताणून पाहिला. मी मधोमध वाकले होते. लग्नाआधी ती बांधकामाचे गणित शिकली होती. बाळ मांडीवर घेऊन तिने फरशीवर खडूने आकडे मांडले.

"काहून वं, गहू खडूनं तोलून राहिली का?" सासूबाई भागीरथाबाई म्हणाल्या.

"आई, उरलेली पोती चढली तर हिले सोसणार नाही. कुशीवर उभी केली तर सोसते."

"लाकूड तेच, वजन तेच. मंग फरक काहाचा?" सासरे रुपरावांनी विचारले.

तिने लाकडी फूटपट्टी दोन पाटांवर आडवी टेकवली. "दाबा, मामाजी." पट्टी लवली. मग तिने तीच पट्टी कडेवर उभी धरली. रुपरावांनी अंगठा लाल होईपर्यंत दाबली. ती ढिम्म हलली नाही.

"पण माही वेल दिसन का?" त्यांनी हळूच विचारले.

"बाजूनं दिसन."

"घ्या! छत पडो, पण वेल दिसो!" भागीरथाबाई हसल्या.

पोती उतरली, टेकू लागले, सुताराने मला कुशीवर वळवले. पुन्हा सारा गहू चढला, आणि मी वाजले नाही. मित्रांनो, मी तीच होते, एक ढलपीही वाढली नव्हती, ओझे दुप्पट, तरी ताण निम्मा! कारण माझी रुंद बाजू जाडीच्या चौपट, आणि आता तीच माझी उंची झाली होती. तुळईची ताकद मोजताना रुंदी एकदाच धरतात, उंची मात्र स्वतःशीच गुणली जाते. ओझ्याखाली माझे वरचे तंतू दबतात, खालचे ताणले जातात, आणि मधोमध एक रेघ अशी की तिला काहीच होत नाही. इतकी वर्षे हे माझ्या पोटात होते! म्हणून सांगते, कुणावर ओझे ठेवण्याआधी नक्षी नको, त्याचे उभे राहणे बघा.

संध्याकाळी प्रेमिला तंतूंचे हे दबणे-ताणणे थोरल्या लेकीला, गोपिकेला समजावत होती. पोर मान वर करून मला निरखू लागली.

"आई, तुले तर पुस्तकानं शिकवलं. मंग तुळईच्या तंतूइले कोण सांगते, कोणी दबायचं अन् कोणी ताणायचं?"

प्रेमिलाने फूटपट्टी पुन्हा पाटांवर आडवी टेकवली, हळूच दाबली, आणि दोघी वाकून तिचे लवणे न्याहाळू लागल्या.