कालवडीने खाल्लेला एक फूट

मित्रांनो, माझ्या अंगावर शंभरपर्यंत आकडे छापलेले आहेत. पण मला पूर्ण उलगडले तर मी नव्व्याण्णव फूटच भरतो. मी मोजमापाचा एक जुना कापडी टेप आहे. गोल चामडी डबी, बाजूला पितळी मूठ आणि टोकाला कडी. सौंसरजवळच्या नत्थूजींनी मला त्यांच्या संत्र्याच्या बागेसाठी आणले होते.

पहिल्याच उन्हाळ्यात मी चारशे खड्डे आखले. दोन झाडांत अठरा फूट, ना कमी ना जास्त. शेजारचे शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून म्हणायचे, "काय सरळ लाइन काढून राहिले, नत्थूजी!" त्या कौतुकातले अर्धे माझे होते, असे मी आजही मानतो.

मग एका दुपारी मी गोठ्यापाशी राहून गेलो आणि कालवडीने माझा पहिला फूट चघळून टाकला. नत्थूजींनी फाटका भाग कापला आणि कडी एकच्या आकड्यावर शिवली. दुसऱ्या दिवशी हे विसरून त्यांनी शेवटची ओळ आखली. दर झाडापासून नव्याने कडी लावली, दर वेळी अठरावर खूण केली. झाडे लागली सतरावर. आजही त्या ओळीतल्या फांद्या एकमेकींत गुंततात. तेव्हापासून मला हातात घेतले की नत्थूजी मोठ्याने म्हणत, "एक कमी."

पुढे स्टीलचे टेप आले. मी बारा वर्षे खुंटीला होतो.

तिथून मला काढले त्यांच्या मुलीने. अपर्णा सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. बागेत ओळी आखल्या तेव्हा ती छिंदवाड्याला शिकत होती; 'एक कमी' हे तिने कधी ऐकलेच नव्हते. नऊ वर्षांपूर्वी ती हिमालयात एका हिमनदीपाशी गेली होती. तेव्हा बर्फाची कड होती तिथल्या खडकावर तिने लाल रेघ काढली होती. बर्फ किती मागे सरकला ते स्वतः मोजून सांगेन, असे वचन तिने यंदा वर्गाला दिले. दसऱ्याच्या सुट्टीत मला पिशवीच्या तळाशी टाकून ती निघाली. "ज्या बर्फाचं रोज सांगते, ते पाहू तरी," म्हणत नत्थूजीही निघाले.

डोंगरातल्या गावातून एक वाटाड्या सोबत घेऊन सकाळी चढायला लागलो. दोन तासांनी झाडे संपली आणि बुग्याल लागले. उंचावरच्या मोकळ्या कुरणाला तिथे बुग्याल म्हणतात. ऑक्टोबरातले सोनेरी गवत, पलीकडे राखाडी दगडांची रास, आणि तिच्यामागे बर्फ. नत्थूजींना धाप लागली.

"बाबा, तुम्ही इथंच बसा. मी मोजून येते."

"बसतो. एवढा चारा अन् खायला चार मेंढ्या! आपल्या गावात असता तं मारामाऱ्या झाल्या असत्या."

लाल रेघेच्या खडकापाशी वाटाड्याने कडी धरली आणि अपर्णा मला उलगडत बर्फाकडे निघाली. वाऱ्यात मी फडफडलो नाही, ताठ राहिलो. चार वेळा पूर्ण शंभर, पाचव्यांदा अठ्ठावीस. अपर्णाने खडकावर रेघेखाली रंगाने लिहिले : ४२८ फूट. मला ओरडावेसे वाटले. पण टेपला आवाज नसतो.

खाली नत्थूजी अर्धवट हिरवी संत्री सोलत बसले होते.

"किती भरलं?"

"चारशे अठ्ठावीस फूट, बाबा!"

त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा टेप काहून आणला तू?"

"स्टीलचा जड होतो ना."

"किती डाव लावला?"

"पाच डाव."

"मंग पाच फूट बर्फ तू फुकटचं वितळवून राहिली, पोरी! याचा पहिला फूट कालवडीनं खाल्ला."

अपर्णाने अंगठा कडीवरून पुढे फिरवला. पहिला आकडा दोनचा होता. तिने वही उघडली. मग म्हणाली, "वहीत खोडता येईल. पण पुढं जो मोजायला येईल, तो खडकावरचा आकडा खरा धरील."

वाटाड्या ढगांकडे पाहत होता. "मैडम, दो बजे तक उतरना है। पाँच फुट से क्या होता है?"

"भैया, एक फुट में मेरी पूरी लाइन बिगड़ी है," नत्थूजी म्हणाले. "जाने दो उसको।"

ती पुन्हा चढली. पुटपुटत का होईना, वाटाड्याही गेला. थंडीत रंग अजून ओला होता. तिने रुमालाने आठ पुसला आणि तीन लिहिला. झाडीत उतरेपर्यंत बारीक गारा सुरू झाल्या होत्या.

आता मी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत असतो. माझ्या कडीला खुणेचा लाल दोरा आहे. नऊ वर्षांत बर्फ चारशे तेवीस फूट मागे गेला, हे अपर्णा मुलांना सांगते. उतारावर थोडा फरक राहिला असेल, तेही सांगते. आणि न वितळलेल्या पाच फुटांची गोष्ट तर कधीच चुकवत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका; पण तिच्यावर डोळे झाकून विसंबूही नका. तिचे काय गेले आहे, ते आधी जाणून घ्या. मग ती तुम्हाला कधीच फसवणार नाही.

काल सहावीतल्या उर्वशीने खिडकी मोजायला मला उचलले. कडी चौकटीला लावली, आकडा वाचला आणि कोणी न सांगता म्हणाली, "एक कमी."

मी शंभर फुटांचा असतानाही इतका ताठ झालो नव्हतो.