पेटी की वहिनी

सुट्टी निवांत घालवायची, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. निवांत कोणी व्हायचं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. वहिनीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्यामुळे कुठंही जायचं म्हटलं की आधी नकाशा निघायचा आणि मग बॅगा. यंदा त्याने समुद्रकाठचं एक जुनं बंदर हेरलं होतं. "ही तटबंदी, हे दीपगृह, आणि हा इथे जुना जकातनाका. पण धावपळ करायची नाही हं. वाटलं तर बघायचं, नाहीतर वाळूत लोळायचं."

"आणि सकाळी मला कोणी उठवायचं नाही," दीर म्हणाला. बसल्या जागेवरून हुकूम सोडायची त्याची सवय बघून घरात त्याला मुकादम म्हणत. त्याचं लग्न व्हायचं होतं. तो म्हणायचा, मनासारखी मुलगी मिळत नाही. मुलींच्या कानावर काय गेलं होतं कोण जाणे.

"घरही मिळालंय," नवऱ्याने फोन पुढे केला. "तटबंदीला लागूनच. वरती दोन खोल्या, समोर समुद्र, आणि हे बघ, केवढं मोठं स्वयंपाकघर! खास तुझ्यासाठी शोधलं."

सगळे कौतुकाने वहिनीकडे बघू लागले. मुकादमाची ती वहिनी, म्हणून हळूहळू सगळ्या गल्लीचीच वहिनी झाली होती. दवाखान्यात ती रक्त तपासायला घ्यायची. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळा म्हणायचं, शीर शोधायची, आणि वर त्यांना गप्पांत गुंतवायचं. संध्याकाळी घरी येऊन ओट्यापाशी उभं राहायचं. वर्षातून एकदा सुट्टी, आणि सुट्टीत पेटी.

ही पेटी म्हणजे या घराचा धर्म. पत्र्याची, दोन कड्यांची. आत दोन बर्नरची शेगडी, कुकर, कढई, मीठ-मसाल्याचे डबे. फार पूर्वी एका प्रवासात सासऱ्यांचं पोट बिघडलं, तेव्हापासून 'आपल्याला बाहेरचं सोसत नाही' असं ठरलं ते ठरलंच. पुढे सासरे गेले, त्यांच्याबरोबर ते पोटही गेलं, पेटी मात्र राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला सासूबाईंनी तिची किल्ली वहिनीच्या हातात ठेवली होती. तेव्हा वहिनीला तो मान वाटला होता. नवी सून, काय कळतंय!

तेव्हापासून तिने डोंगर पाहिला, तळं पाहिलं, जंगल पाहिलं, म्हणजे तिथल्या मोऱ्या पाहिल्या. तळ्याचा विषय निघाला की नवरा पाण्याच्या रंगाबद्दल बोलायचा. वहिनीला आठवायचा तो तुंबणारा पाइप. डोंगरावरचा ओटा इतका बुटका होता की ती परत आली तीच कंबर धरून.

"मी येणार नाही," वहिनी म्हणाली.

"का? रजा नाही मिळत?"

"रजा मिळाली. पण पेटी येणार असेल तर मी येणार नाही. मी आले तर पेटी येणार नाही. दोघींतली एक निवडा."

मुकादम हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"अगं, पण मग जेवायचं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"बंदराचं गाव आहे. तिथली माणसं काय उपाशी राहतात?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "मी काही न कुरकुरता केलं सगळं. आमच्या वेळी असं बोलायची टाप नव्हती."

"म्हणून मी बोलतेय, आई," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खालीही आला नव्हता.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. नवऱ्याने तडजोड आणली: नुसता सकाळचा चहा आणि रात्रीचा साधा भात. वहिनीने ती जशी आली तशी परत पाठवली. तिला ठाऊक होतं, चहामागून नाश्ता येतो आणि भातामागून सगळं जेवण. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं, आणि पेटीची निवड झाली. सासूबाईंचंही मत पेटीलाच. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

"रुसलीय. निघायच्या दिवशी गुपचूप गाडीत बसेल," मुकादमाने भाकीत केलं.

वहिनीला लागलं, फार लागलं. न्हाणीघरात नळ सोडून ती पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि त्याच बंदरात, त्यांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली खोली बघून ठेवली. पलंग, खिडकी, खिडकीत समुद्र. खोली पक्की करायला निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, असं ती बाई म्हणाली होती. फोनवरचं हे बोलणं सासूबाईंच्या कानावर पडलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी नवऱ्याने आणि मुकादमाने पेटी माळ्यावरून उतरवली. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पेटी भरतात कशी, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. कढई आत बसली तर झाकण लागेना, झाकण लागलं तर कुकर बाहेर. वहिनी खुर्चीत पाय वर घेऊन शेंगदाणे खात होती.

"मदत तरी करशील का?" नवरा घामाघूम झाला होता.

"मूठ आवळा आणि दाबा," ती म्हणाली.

मुकादम वैतागून उठला. "राहू दे दादा. वहिनी नाही तर नाही. आपली पोरगी आहे की! मोठी झाली आता. तिथे तीच बघेल पेटीचं. शिकायला नको?"

पोरगी बारा वर्षांची. दारात उभी राहून नवीन चपला घालून बघत होती. तिने बापाकडे बघितलं. बाप 'काहीतरीच काय' असं म्हणेल म्हणून वहिनी थांबली. तो म्हणाला, "तसं थोडं थोडं यायला हवंच तिला."

वहिनीने शेंगदाणे खाली टाकले. ती तरातरा उठली, पण तिच्याआधी सासूबाई पोचल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या खाली वाकत नसत, त्यांनी कढई उचलून बाजूला फेकली, पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि त्यावर बसल्या.

"मला सासूने दिली. मी हिला दिली," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "बास झालं. पोरीच्या हातात ही जाणार नाही."

"अगं आई, पण आपलं ठरलं होतं ना..."

"मी चुकीचं ठरवलं. माझ्या हातात पेटी होती तेव्हा कितीदा समुद्राला गेले, पाय नाही बुडवले कधी. मागे आमटी उतू जायची." त्यांनी वहिनीकडे बघितलं नाही. खालच्या मानेनेच म्हणाल्या, "ती खोली मोठी आहे का गं?"

वहिनीने फोन लावला. पलीकडून म्हातारीने विचारलं, किती जण.

"तीन," वहिनी म्हणाली. "तिघी."

नवरा कुकरचं झाकण हातात घेऊन उभा होता. "आणि मी?"

इतक्या वर्षांत त्याने विचारलं आणि तिने उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मोजे कुठे, चष्मा कुठे, आज काय, उद्या काय. वहिनीने फोनवर हात ठेवला.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली, आणि म्हातारीला खिडकीजवळ आणखी दोन पलंग टाकून ठेवायला सांगितलं.