बटण नसलेली जागा

तम्मण्णामामा गेल्याचा फोन आला तेव्हा पूर्णिमा बेंगळूरच्या स्टुडिओत, गाडीच्या दाराला लावायच्या चामड्याचे तुकडे उजेडात धरून बघत होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. निपाणीजवळच्या तवंदी घाटात पहाटेपासून दाट धुकं होतं आणि मामांची गाडी कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. गाडीत ते एकटेच होते. मालकांना आणायला बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर निघाले होते. काकतीहून आई हे सगळं रडत रडत सांगत होती.

ती गाडी पूर्णिमानंच केलेली होती.

पूर्णिमा काकतीच्या शेतकरी घरातली. शिकून मोठ्या कंपनीत लागली आणि उंची गाड्यांच्या आतली रचना हे तिचं काम झालं. सीट कशी असावी, उजेड कुठून पाझरावा, कुठलं बटण हाताशी ठेवावं आणि कुठलं समोरच्या टचस्क्रीनच्या पडद्यात घालावं, हे ती ठरवायची. तम्मण्णामामा तिच्या आईचे थोरले भाऊ. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडं सत्तावीस वर्षं ड्रायव्हर. तिला गाडी शिकवली ती त्यांनीच. "नजर रस्त्यावर. बाकी सगळं हाताला ठावं पायजे," एवढाच त्यांचा धडा.

मालकांनी नवी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा मामांनीच हट्ट धरला होता. "माझ्या भाचीनं केलेली गाडी हाय मालक, तीच घेऊया."

गाडी आल्यावर आठ दिवसांनी त्यांचा फोन आला होता.

"पोरी, गाडी लई झ्याक हाय बघ. आत बसलं की गाभाऱ्यात बसल्यागत वाटतंय. पर काचंवरचं धुकं घालवायचं बटण कुठं ठेवलंस गं? हाताला घावंना."

"पडद्यावर हाय मामा. आधी पंख्याचं चित्र दाबायचं, मग दुसऱ्या पानावर काचेचं."

"म्हंजे बघून दाबायचं?"

"सवय हुईल मामा."

"व्हय, व्हय. सवय हुईल," मामा म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी दुपारी ती एकटीच गॅरेजात गेली. निपाणीच्या बाहेर, हायवेला लागून भरमा मिस्त्रीचं आवार होतं. पोलिसांनी पंचनामा करून गाडी तिथं आणून टाकली होती. पुढचा भाग चेपून गेला होता, पण आतलं बरंचसं शाबूत होतं. दार अर्धं उघडून ती वाकली. नव्या चामड्याचा वास अजून होता. त्यात तंबाखूचा उग्र वास मिसळला होता, मामांच्या सदऱ्याला कायम यायचा तो.

"ताई, एक गोष्ट दावतो," भरमा म्हणाला. "मला काय उमगंना झालंय."

पडद्याच्या खाली, हवा येते त्या झरोक्यांच्या मध्ये, एक काळी चकचकीत पट्टी होती. त्या पट्टीसाठी पूर्णिमानं चार महिने घालवले होते. आरशासारखी, सलग, एकही खाच नाही. भरमानं बोट दाखवलं. पट्टीच्या मधोमध बोटांचे ठसे होते. एकावर एक, पुसट, घासलेले. चार बोटं शेजारी शेजारी आणि त्यांतलं मधलं आखूड.

मामांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात गेलं होतं.

"हितं ना बटण, ना काय," भरमा म्हणाला. "मग माणूस हितं कशाला हात घाशील, सांगा?"

तिला ठाऊक होतं. जुन्या गाडीत नेमकं तिथंच काचेचं बटण होतं. मालकांना गार वारं सोसत नव्हतं, म्हणून काचेवरचं धुकं आपोआप घालवणारी सोय मामा बंदच ठेवायचे. घाटात शिरल्यावर काच आतून पांढरी झाली असणार. नजर रस्त्यावर ठेवून मामांचा हात सत्तावीस वर्षांच्या जागेवर गेला असणार, आणि परत गेला असणार, आणि परत. शेवटी त्यांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं असेल.

तिनं ओढणीच्या टोकानं ते ठसे पुसायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

बेंगळूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी ते सुरू झालं.

स्टुडिओत पुढच्या गाडीचा नमुना उभा केलेला होता. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसता आतला भाग. तीच काळी पट्टी त्यातही होती. सकाळी पूर्णिमा आली तर पट्टीवर ठसे. चार बोटं, मधलं आखूड. तिनं मऊ कापडानं पुसले. शेजारी काम करणारी सौम्या म्हणाली, "झाडणाऱ्या बायकांचे असतील." दुपारी जेवून आली तर पुन्हा तिथंच. बोटं टेकवली तर जागा दमट लागली. दार बंद, खोलीत ऊन आलेलं, आणि नमुन्याच्या आत तंबाखूच्या वखारीचा वास.

तिनं पुन्हा पुसले. पुसताना वाटलं, आपण रोज त्यांचं शोधणं पुसून टाकतोय.

मग तिला जुना कागद आठवला. गाडी बाजारात यायच्या आधी चाळीस ड्रायव्हर बसवून चाचणी घेतली होती. एकतीस जणांचा हात आधी त्या कोऱ्या पट्टीवर गेला होता. अहवालात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'जुन्या सवयीचा भाग, काही दिवसांत जाईल.' कपाटातून तो कागद काढून तिनं तीनदा वाचला. वाचताना मागं, नमुन्यात, कोणीतरी नखानं टक टक करत होतं. घाई नसलेलं, चाचपडणारं. वळून बघितलं तर कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी ती उजेडाची मापं घ्यायला नमुन्यात बसली. उजव्या हातात वही होती. डावा मांडीवर होता. तो उठला. तिनं उचलला नव्हता. तो पुढं गेला, पट्टीवर टेकला आणि डावीकडून उजवीकडं सरकत चाचपू लागला. मधलं बोट पेरात दुमडलेलं होतं. तिनं ते सरळ करायचा प्रयत्न केला. होईना. हात पट्टीच्या टोकाला गेला, परत आला, आणखी भरभर, आणखी जोरानं, आणि तिच्या छातीत एक भीती उसळली जी तिची नव्हती. समोर काही दिसत नसल्याची भीती.

सौम्यानं दार उघडलं तेव्हा पूर्णिमा घामानं भिजून बसली होती. हात मांडीवर होता. बोटं सरळ होती.

त्या शनिवारी ती निपाणीला गेली. अंजनीमामी सोप्यात गहू निवडत बसल्या होत्या. पूर्णिमानं समोर बसून सगळं सांगितलं. पट्टी, ठसे, फोन, चाळीस ड्रायव्हरांचा कागद. स्टुडिओतलंही सांगितलं. मामींचे हात सुपावर थांबले.

"मला ठावं हुतं," मामी म्हणाल्या. "बटण घावत न्हाय म्हणून ते रोज सांगायचे. मी म्हनलं, पोरीला परत इचारा की. तर म्हणाले, नगं. तिनं केलंय म्हंजे कायतरी इचार करूनच केलं असंल. आपल्यालाच शिकाय पायजे."

पूर्णिमा तोंडात पदर कोंबल्यागत ओढणी धरून रडली. मामींनी तिला जवळ घेतलं नाही. उठून पाणी आणून ठेवलं, एवढंच.

सोमवारी तिनं कंपनीच्या बैठकीत तो कागद सगळ्यांपुढं ठेवला. "हे मी लिहिलं होतं आणि ते चुकीचं होतं," ती म्हणाली. ही गाडी चालवताना घाटात गेलेला माणूस माझा मामा होता, हेही सांगितलं. कोणी म्हणालं, धुक्यात अपघात होतातच. कोणी म्हणालं, साचे तयार झालेत. ती दोन तास बसून राहिली, उठली नाही. अखेर ठरलं, रस्त्यावरच्या गाड्यांत काचेचं चित्र पहिल्या पानावर कायमचं आणायचं, आणि नव्या नमुन्यात पट्टी कापून खरं बटण बसवायचं, बोटाला लागेल असं, वर उंचवटा असलेलं. बटण बसलं तसे नमुन्यात ठसे उमटायचे थांबले. पण ज्या गाड्या विकल्या गेल्या होत्या त्यांच्यात पट्टी कोरीच राहणार होती. किती गाड्या, कुठल्या कुठल्या घाटात, याचा विचार मनात आला की तिची झोप उडायची.

दोन महिन्यांनी मामींनीच निरोप धाडला, मला ती जागा बघायची हाय, घिऊन चल.

सकाळी आठ वाजता दोघी निघाल्या. पूर्णिमाची साधी जुनी गाडी. घाटात धुकं विरत होतं, झाडांच्या शेंड्यांवर तेवढं उरलं होतं. भरमानं सांगितलेल्या खुणेच्या दगडापाशी तिनं गाडी बाजूला घेतली. मामी उतरल्या. पदरातून पानाचा विडा काढून त्यांनी दगडाजवळ ठेवला आणि हात न जोडता नुसत्या उभ्या राहिल्या. ट्रक गेले की वाऱ्यानं त्यांचं लुगडं फडफडायचं.

"मामी," पूर्णिमा म्हणाली, "माझ्यावर राग हाय?"

"हाय की," मामी रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "जाईल का न्हाय, ठावं न्हाय मला. पर तू तोंडावर येऊन सांगितलंस. म्हणून तुझ्या गाडीत बसले."

मग त्या वळल्या आणि दार उघडून आत बसल्या. घाटाखालच्या हॉटेलात दोघींनी चहा मागवला. मामींनी आपल्यातला अर्धा बशीत ओतला, फुंकून प्यायल्या आणि भावाच्या पोरीचं लग्न गुंजी गावात ठरल्याचं सांगू लागल्या. पूर्णिमा ऐकत राहिली.